धडधाकट पेशंट

माझ्या जिभेला हाड नाही, असं मला लहानपणापासून सगळे सांगत आले आहेत, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाला मी तिथल्या तिथे उत्तर दिलेलं आहे. माझी सगळी नोकरी एका शाळेच्या कँटीनमध्ये गेली. मधल्या सुट्टीत शेकडो पोरं एकदम खिडकीवर तुटून पडतात, तिथे हळू बोलणाऱ्या बाईचं काम नाही. सवय लागली ती लागली. घरातही मीच बोलायचे. नवरा होता तेव्हा त्याच्या वाटचं, मग मुलाच्या वाटचं, आणि सून आल्यावर तिच्याही वाटचं.

सून माझ्या अगदी उलटी. लग्न होऊन आली ती तोंडात मिठाची गुळणी धरूनच. "जेवलीस का?" विचारलं तर मान हलवणार. "डोकं दुखतंय का?" विचारलं तर मान हलवणार, आणि होय की नाही ते आपण ओळखायचं. मी तिला गोगलगाय म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

माझा मुलगा तिला सोडून दुसऱ्या शहरात गेला आणि तिथे दुसरा संसार मांडून बसला. तो वाईट नाही, पण उतार दिसेल तिकडे वाहणारा आहे. जाताना मला म्हणाला, "आई, तूही चल." मी म्हटलं, "तू चालला आहेस, मी कुठे चालले आहे?" सून आता भावाकडे जाणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तीही गेली नाही. राहा असं मी तिला म्हटलं नाही, राहते असं तिने मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर टेबलावर दोन कप चहा होता. आमचं जे काही ठरलं ते एवढंच.

त्याला वर्षं झाली. ती खोके बनवायच्या कारखान्यात जायची, माझं पेन्शन होतं, दोन खोल्यांत दोघींचं भागत होतं. मग कारखान्याला कुलूप लागलं आणि मुलाचे फोन वाढले. लांबून हुकूम सोडायला काय जातं? उंटावरून शेळ्या हाकायला त्याला पहिल्यापासून आवडतं. "आई, आता हट्ट पुरे. घरभाडं कोण भरणार? तिला जाऊ दे भावाकडे, तू माझ्याकडे ये. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी गाडीच घेऊन येतो." फोन स्पीकरवर होता. सून भांडी घासत होती. नळाचा आवाज थांबला, थोडा वेळ थांबलेलाच राहिला, मग पुन्हा सुरू झाला.

मला मुलाकडे जायचं नव्हतं, हे इथेच सांगून टाकते. तिथली बाई चांगली आहे म्हणतात. असेल. पण त्या घरात मी पाहुणी, आणि माझ्यासारखी पाहुणी कोणाला किती दिवस सोसणार? सुनेच्या भावाच्या घरात तर आधीच पाय ठेवायला जागा नाही. तिचं तिथे काय झालं असतं ते मला दिसत होतं. सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणारी फुकटची बाई, दुसरं काय!

आणि गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते काही खोटं नाही. एका संध्याकाळी तिने न बोलता टेबलावर घडी घातलेला पांढरा युनिफॉर्म ठेवला.

"हे काय?"

"कोर्स," ती म्हणाली.

बाकीचं मी ओढून ओढून काढलं. आमच्या घरापासून दोन रस्ते ओलांडले की म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं एक शुश्रूषा केंद्र आहे. त्यांना माणसं हवीच असतात, म्हणून ते स्वतःच नर्सिंग असिस्टंटचा कोर्स चालवतात. शिकवणं फुकट, युनिफॉर्म फुकट. शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन परीक्षा घेतात, आणि पास होईल तिला सर्टिफिकेट मिळून तिथेच कायमची नोकरी. कारखाना बंद झाला त्याच आठवड्यात ही बाई जाऊन नाव घालून आली होती. मला ताकास तूर लागू दिली नाही. मी दोन दिवस रागावले, कारण रागावायला हवंच होतं. तिसऱ्या दिवशी तिचा युनिफॉर्म मीच इस्त्री केला.

काय काय शिकवायचे तिला! अंथरुणातल्या माणसाला न उठवता खालची चादर कशी बदलायची. लुळ्या हाताच्या माणसाला सदरा घालताना आधी लुळा हात घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. कवळी कशी धुवायची, नाडी कशी बघायची, कुशीवर कसं वळवायचं. तिचा हात मुळातच हलका. बघता बघता वर्गात पहिली आली. मग परीक्षा झाली आणि पहिली आलेली ही बाई प्रात्यक्षिकात नापास झाली.

घरी येऊन ती खुर्चीवर बसून राहिली. रडली नाही, बोलली नाही. मी चार वेळा विचारलं, पाचव्यांदा ओरडले. नळही सोडला नव्हता तिने, नुसती बसली होती. शेवटी माझ्या अंगात आलं आणि मी चपला घालून तडक केंद्रात गेले.

तिथे शिकवणाऱ्या सिस्टर होत्या. माझ्याहून थोड्याच लहान, पण कण्यात सळई घातल्यासारख्या ताठ. मी म्हटलं, "माझ्या सुनेला नापास करायला तिने काय पेशंट पाडला का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "चादरीवर एक सुरकुती नव्हती."

"मग?"

"बोलली नाही. आमच्याकडे नियम आहे, आजी. पेशंटला हात लावायच्या आधी काय करणार ते सांगायचं, आणि करू का म्हणून विचारायचं. प्रत्येक वेळी. तुम्ही झोपलेल्या आहात आणि एक अनोळखी बाई येऊन न बोलता तुमच्या अंगावरचं पांघरूण काढते, कसं वाटेल?"

"मी तिला धपाटा घालीन."

"सगळ्यांना तुमच्यासारखं घालता येत नाही," सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, "घरी कोण बोलतं? तुम्हीच ना?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण बोलले असते तर तेच सिद्ध झालं असतं.

पुन्हा परीक्षा द्यायची एक संधी होती, महिना संपायच्या आत. ती गेली तर पुढच्या तुकडीपर्यंत थांबायचं, आणि त्याला खूप उशीर होता. माझ्या मुलाची गाडी कोणाच्या तुकडीसाठी थांबणार नव्हती. सिस्टर म्हणाल्या, प्रात्यक्षिकाला आपला पेशंट आपण आणायची मुभा असते, वर्गातल्या मुली एकमेकींच्या पेशंट होतात. "हिने तुम्हाला आणावं. जिच्यासमोर हिचं तोंड सगळ्यात कमी उघडतं तिच्यासमोर ते उघडलं, तर जगात कुठेही उघडेल."

"मी पेशंट? मी चांगली धडधाकट आहे. आयुष्यात एक दिवस अंथरुणात काढलेला नाही."

"मग आता काढा," सिस्टर म्हणाल्या.

काढला. एक नाही, परीक्षेपर्यंतचे सगळे काढले. रोज दुपारी मी माझ्याच पलंगावर डावी बाजू लुळी पडल्यासारखी पडायचे आणि सून दारातून आत यायची. आत येऊन पहिल्यांदा कोण, काय सांगायचं. "मी तुमची नर्सिंग असिस्टंट," ती असं पुटपुटायची की पलंगाखालच्या उंदरालाही ऐकू जाऊ नये. मी म्हणायचे, "मोठ्याने!" ती एक पाऊल मागे सरायची. मी म्हणायचे, "आता पडदा ओढते म्हण." ती म्हणायची, "पडदा ओढते." "आता हात धुऊन येते म्हण." "हात धुऊन येते." लुळा हात उचलायची वेळ आली की माझा लुळा हात आपोआप वर यायचा, कारण तिला मदत करायची मला घाई. चार-पाच दिवसांत मला वाटू लागलं की गाडी रुळावर आली.

सिस्टर एकदा घरी बघायला आल्या. आम्ही दोघींनी सगळं करून दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, "आजी, तुम्ही उत्तम पास व्हाल."

"परीक्षा तिची आहे."

"तेच म्हणते. सगळं तुम्हीच बोलताय. परीक्षेत पेशंटने एक शब्द जरी सुचवला तरी उमेदवार नापास. तिने काही विचारलं तर उत्तर द्यायचं, त्यापलीकडे तुमचं तोंड बंद."

झालं! आता मला तोंडाला कुलूप लावायचं शिकायचं होतं. सून शिकत होती बोलायला, मी शिकत होते गप्प बसायला, आणि दोघींत ढ कोण हे सांगणं कठीण होतं. मी ओठ घट्ट मिटून पडायचे, पण ती उशी उलटी लावायला निघाली की माझ्या तोंडून "अगं" निसटायचंच. शेवटी मी एक युक्ती काढली. एक मोठी लिंबाची गोळी गालात धरून पडायचं. तोंडात गोळी असली की माणूस चोखण्यात गुंततो आणि बोलायचं विसरतो. कँटीनमधली रडणारी पोरं मी अशीच गप्प करत असे. युक्ती लागू पडली. मी गप्प झाले, आणि मी गप्प झाल्यावर घरात जी पोकळी झाली तिच्यात सुनेचा आवाज हळूहळू यायला लागला. फार नाही, पण पलंगापर्यंत पोचेल इतका.

परीक्षेच्या सकाळी मी गालात नवी कोरी गोळी ठेवली आणि आम्ही निघालो.

परीक्षेची खोली म्हणजे केंद्रातलाच एक वॉर्ड, एक पलंग, एक हात धुवायचं बेसिन, एक चाकाची खुर्ची. परीक्षक बाई खिडकीशी बसल्या होत्या. चेहरा असा की त्यांना कधी कोणी विनोद सांगायचं धाडस केलं नसावं. त्यांनी मला पलंगावर बसवलं, पाठीशी पलंगाचा वरचा भाग उंच केला आणि म्हणाल्या, "पेशंटची डावी बाजू लुळी आहे. चादर बदलायची, मग पेशंटला खुर्चीत बसवायचं. सुरू करा."

सून दारावर टकटक करून आत आली. "नमस्कार आई. मी तुमची नर्सिंग असिस्टंट. आज तुमची चादर बदलायची आहे. बदलू का?" मी मान हलवली. आवाज थरथरत होता, पण होता. तिने दाराकडचा पडदा ओढला, हात धुतले, पलंगाची उंची नीट केली. मी मनात म्हटलं, चल गं बाई, चल.

मग ती म्हणाली, "आता पलंग सपाट करते, तुम्हाला आडवं व्हावं लागेल," आणि पलंगाच्या हँडलकडे हात नेता नेता थांबली. माझ्या गालाकडे बघत राहिली.

माझ्या लक्षात आलं. घरचा पलंग सपाटच, तिथे मी गोळी घेऊन पडायचे ते पडल्या पडल्या कुशीवर, आणि ती घाबरून माझ्या तोंडाकडे कधी बघायचीच नाही. इथे मी बसलेली होते, माझा गाल फुगलेला होता, आणि अर्धं अंग लुळं असलेल्या माणसाला तोंडात कडक गोळी असताना आडवं करणं म्हणजे गोळी घशात अडकून जीव जायचा. हे त्यांना दुसऱ्याच दिवशी शिकवलेलं होतं. तिनेच मला घरी सांगितलं होतं, एका शब्दात, "गुदमरतात."

परीक्षक बाईंना ते दिसलं होतं की नाही, कोण जाणे. सुनेने न बघितल्यासारखं केलं असतं तर कदाचित खपूनही गेलं असतं. सासूला, इतक्या लोकांत म्हणजे एका परीक्षक बाईंसमोर का होईना, तोंड उघड म्हणायचं! तिने कधी मला "मीठ द्या" असंही म्हटलेलं नाही, उठून स्वतः घेते.

"आई," ती म्हणाली, "तुमच्या तोंडात काय आहे?"

मी डोळे मोठे केले. म्हणजे, गप्प, पुढे चल.

"तोंड उघडा बघू."

मी उघडलं नाही. हा माझा शुद्ध आडमुठेपणा होता, दुसरं काही नाही.

तिने ट्रेमधली वाटी आणली, माझ्या हनुवटीखाली धरली, आणि अशा आवाजात बोलली की तो आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. पक्का होता. "आई, गोळी थुंका. ती तोंडात असेपर्यंत मी तुम्हाला आडवं करणार नाही. चादर नाही बदलली तरी चालेल, मी नापास झाले तरी चालेल. थुंका."

मी थुंकले. गोळी वाटीत टण्णकन वाजली. ती म्हणाली, "थँक्यू. आता पाणी हवंय का?" मी नको म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला चेहऱ्याची जी बाजू लुळी नव्हती तीसुद्धा मला लुळी ठेवावी लागली.

चादर तिने लोण्यातून सुरी फिरवावी तशी बदलली. "आता उजव्या कुशीवर वळवते, माझा हात तुमच्या खांद्यावर आणि कमरेवर असेल." वळवलं. "आता पाठीखालून चादरीची गुंडाळी जाईल, उंचवटा लागेल." लागला. प्रत्येक वेळी सांगितलं, प्रत्येक वेळी विचारलं. मला आता गोळीची गरज राहिली नव्हती. जन्मात पहिल्यांदा मला कोणाचं तरी बोलणं ऐकत पडावंसं वाटत होतं.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. तिने खुर्ची माझ्या उजव्या अंगाला आणून लावली, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केल्या, चाकाचा ब्रेक लावला. एकाच चाकाचा. पलंगाकडच्या चाकाचा ब्रेक वरच, म्हणजे मोकळाच होता. गोळीच्या प्रकरणाने तिचं चित्त हललं असणार. मला पलंगावरून तो स्पष्ट दिसत होता. मी बसायला गेले की खुर्ची गर्रकन फिरणार, आणि पेशंट पडला नाही तरी परीक्षा पडणार. माझ्या जिभेच्या टोकावर ते शब्द येऊन उभे राहिले. सांगितलं तर नापास, नाही सांगितलं तर नापास. इकडे आड, तिकडे विहीर. मी छताकडे बघायला लागले. कँटीनमधल्या सगळ्या वर्षांत मला कधी इतका घाम फुटला नव्हता.

सुनेने मला पलंगाच्या कडेला बसवलं, माझे पाय जमिनीला टेकवले, माझ्या पाठीमागून हात घातला आणि म्हणाली, "आई, आता तुम्हाला खुर्चीत बसवते. तयार आहात का?"

घरी हा प्रश्न संपायच्या आधीच मी "हो हो, चल" म्हणायचे. पण इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिने विचारलं होतं. विचारलं तर उत्तर द्यायला परवानगी होती.

"नाही," मी म्हटलं.

परीक्षक बाईंनी मान वर केली. सुनेचा हात माझ्या पाठीवर होता, तो ताठ झालेला मला कळला. ही वाट आम्ही कधी चाललोच नव्हतो.

"का, आई? काय होतंय?"

"भीती वाटतेय."

"कशाची?"

"पडायची." खोटं नव्हतं. माझं पडणं सोडा, सगळंच पडायची भीती वाटत होती.

अशा वेळी सगळे काय म्हणतात? घाबरू नका, मी आहे ना, आणि ओढून उभं करतात. मीही तेच म्हटलं असतं. ती म्हणाली, "बरं. मग आपण थांबू. मी सगळं परत एकदा बघते." तिने मला नीट टेकवून बसवलं, खाली वाकली, पट्ट्या बघितल्या, एक चाक बघितलं, दुसरं बघितलं. खटकन त्याचा ब्रेक लावला. मग सरळ उभी राहून परीक्षक बाईंना ऐकू जाईल असं म्हणाली, "या चाकाचा ब्रेक लावायचा राहिला होता. आता लावला. खुर्ची हलवून बघते. हलत नाही. आई, आता तयार आहात का?"

"आता आहे," मी म्हटलं, आणि पिसासारखी त्या खुर्चीत गेले.

परीक्षक बाई उठून माझ्यासमोर आल्या. "आजी, तुम्हाला तो ब्रेक आधी दिसला होता का?"

खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, पण त्या बाईंच्या डोळ्यांत बघून जमेना. "दिसला होता," मी म्हटलं.

"मग बोलला नाहीत?"

"बोलायला बंदी होती. तिने विचारलं तेव्हा उत्तर दिलं."

त्या परत खिडकीशी जाऊन बसल्या. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो आणि मला वाटलं, मी हिचं वाटोळं केलं. तोंड उघडलं तरी वाटोळं, मिटलं तरी वाटोळं. सून माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, पाणी आणू का?" एवढ्या कोर्सनंतर तिला एकच वाक्य येतं की काय असं म्हणणार होते, पण घसा खरंच कोरडा पडला होता.

शेवटी सिस्टर बाहेर आल्या. नेहमीसारख्या ताठ, पण डोळे भरलेले. "पास," त्या म्हणाल्या, आणि माझी सून, जिला आवाज नव्हता, ती अशी किंचाळली की वॉर्डातल्या दोन म्हाताऱ्या दारात येऊन बघायला लागल्या. तिने सिस्टरांना मिठी मारली, मग मला, मग दारातल्या एका म्हातारीला, आधी विचारून.

परीक्षक बाई जाता जाता आमच्यापाशी थांबल्या. "ब्रेक विसरणाऱ्या पुष्कळ बघितल्या," त्या सुनेला म्हणाल्या. "तयार आहात का, हे विचारतातही सगळ्या, कारण विचारायला शिकवलेलं असतं. उत्तर ऐकायला थांबत कोणी नाही. तू थांबलीस." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही गोळ्या खाणं कमी करा."

सोमवारपासून कामावर ये, असं केंद्राने सांगितलं. त्या दिवशी घरी येताना मी रस्त्यात दिसेल त्याला थांबवून सांगितलं, ओळखीच्याला आणि बिनओळखीच्यालाही. सून मला आवरत नव्हती. तीही हसत होती, मान ताठ करून, रस्त्याच्या मधून चालल्यासारखी.

आणि सोमवारच्या आधी रविवार आला. मुलगा खरंच गाडी घेऊन आला. शेजाऱ्याची मागून आणलेली, मागे सामानाला जागा असलेली. सून पास झाल्याचं मी त्याला फोनवर सांगितलं होतं, पण त्याच्या डोक्यात ते वेगळ्याच कप्प्यात गेलं होतं. "बरं झालं, तिचंही मार्गी लागलं," तो दारातच म्हणाला. "आता तुझी काळजी मिटवू. चल आई, ऊन वाढायच्या आत निघू." त्याने कोपऱ्यातली माझी पिशवी उचलली, कपाट उघडून माझे कपडे तिच्यात घातले, औषधं घातली, चष्मा घातला. मग खुर्चीपाशी येऊन माझं कोपर धरलं आणि मला उठवायला लागला. मायेनेच धरलं होतं. तो वाईट नाही, मी म्हटलंच.

मी त्याला फैलावर घ्यायला श्वास घेतला. पण माझ्या आधी सून बोलली.

"हात काढा."

तो थबकला. इतक्या वर्षांच्या लग्नात तिने त्याला एवढं सरळ काही म्हटलं नसेल. "काय?"

"हात काढा आधी. आणि विचारा."

"काय विचारायचं त्यात? माझी आई आहे ती."

"कोणाचीही असू देत. हात लावायच्या आधी विचारायचं असतं."

त्याने हात काढला. तो का काढला हे त्याला स्वतःलाही कळलं नसावं. सून माझ्या खुर्चीसमोर आली आणि गुडघे टेकून खाली बसली, म्हणजे तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. पेशंटशी बोलताना असंच बसायला शिकवतात.

"आई," तिने विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय?"

मी आयुष्यभर बोलत आले. काय हवं, काय नको, कोणी काय करावं, सगळं मी सांगत आले, आणि त्या गोंगाटात हे मला कोणी कधी विचारलेलं नव्हतं. लग्नाच्या वेळी नाही, नवरा गेला तेव्हा नाही, मुलगा गेला तेव्हाही नाही. मीच कोणाला विचारायला जागा ठेवली नव्हती म्हणा. पण आज विचारलं होतं, आणि माझ्याच्याने बोलवेना.

"अगं, सांग ना तिला," मुलगा म्हणाला.

सुनेने त्याच्याकडे न बघता हात वर केला. "त्यांना वेळ द्या," ती म्हणाली, आणि थांबली. घाई नाही, शब्द सुचवणं नाही, मान हलवणं नाही. मला हवा तेवढा वेळ ती माझ्यासमोर बसून राहिली असती, हे मला दिसत होतं.

"इथे," मी म्हटलं. "तुझ्याजवळ."

"बरं," ती म्हणाली. मग उठली, मुलाच्या हातातली पिशवी घेतली आणि माझे कपडे एकेक करून कपाटात लावायला लागली.